होडी सरळ आहे तोवर

फोन आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि नेहमीप्रमाणे एकमेकींशी बोलत नव्हत्या. ताई टेबलाशी बसून पालेभाजी निवडत होती. भावजय तिच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. आपण सकाळीच निवडून ठेवलेली भाजी ताई पुन्हा निवडते आहे, हे तिला मागे न बघताही कळत होतं.

फोन टिल्लूचा होता. टिल्लू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ आणि भावजयीचा नवरा. लहानपणी मुठीएवढा होता म्हणून हे नाव पडलं. आता तो दारातून तिरका होऊन आत यायचा, तरी ताईच्या तोंडी टिल्लूच. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे बोटींना वाट दाखवणारे खुणेचे खांब रोवलेले असतात. त्यांची डागडुजी हे त्याचं काम. त्या दिवशी सकाळी बंदर खात्याची लाँच त्याला एका वाळूच्या दांड्यावर उतरवून पुढच्या कामाला गेली होती. हा दांडा ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पूर्ण बुडतो.

त्याने बायकोला सगळं साहेबाला सांगावं तसं क्रमाने सांगितलं. कुजलेला खांब काढताना तो पायावर आला. नडगी मोडली. सरपटता येतं, उभं राहता येत नाही. लाँचचं इंजिन वाटेत बंद पडलंय. दुसरी लाँच निघाली आहे, पण ती लांबून यायची. भरती लागली आहे. एवढं सांगून तो थांबला आणि म्हणाला, "ताईला दे."

ताईने ओल्या हातानेच फोन घेतला.

"ताई, होडी घेऊन ये. चाक तू धर. हिला पुढे बसव, नांगर टाकायचं ठाऊक आहे हिला." मग जरा वेळाने, "दुसरी लाँच वेळेत येईलसं वाटत नाही गं."

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, पण त्या वेळी दोघी एका दमात धक्क्यावर पोचल्या. वाटेत भावजय एवढंच म्हणाली, की आपण चाकाला कधी हात लावलेला नाही. ताई म्हणाली, माहीत आहे, तुझ्या नवऱ्याने टीव्हीचा रिमोट तरी कुठे कुणाला दिलाय.

होडी लहानशी, फायबरची, मागे इंजिन लावलेली. तिचं पुढचं निम्मं अंग वरून बंद होतं. नाकापासून चाकापुढच्या काचेपर्यंत गुळगुळीत पांढरं छप्पर, आणि त्याच्या पोटात एक बुटका कप्पा. त्याला छोटंसं दार. लाट नाकावर फुटली की पाणी छपरावरून घरंगळून दोन्ही बाजूंनी खाली जाणार, आत थेंब नाही. म्हणूनच टिल्लूने ही घेतली होती. पण या बंद नाकाची एक अडचण होती. नांगर टाकणाऱ्याला काच ओलांडून त्या निसरड्या छपरावर पोटावर सरपटत जावं लागे. तो तिथे टोकाशी ओणवा बसला, की चाकावरच्या माणसाला त्याचे हात दिसत नसत. नुसती पाठ दिसे.

ताईने इंजिन सुरू केलं. तिचे वडील होडीवाले होते. लहानपणी त्यांनी तिला चाक दिलं होतं आणि टिल्लूला मागे बसवून पाणी उपसायला लावलं होतं. त्यानंतर लग्न, बदल्या, मुलं. पण हात विसरले नव्हते.

दांडा दिसला तेव्हा पाव हिस्साही उरला नव्हता. लांबून पाहिलं तर पाण्यावर कुणी तपकिरी चादर वाळत घातली आहे आणि तिच्या कडा भिजत चालल्या आहेत असं वाटे. त्या चादरीच्या मध्ये एक माणूस बसला होता. त्याने हात वर केला. भावजयीने हात वर केला नाही. तिने काचेची कड दोन्ही हातांनी धरली होती.

आतल्या बाजूने शांत पाणी होतं, पण तिथे गाळ. त्या गाळात उतरलेला माणूस कमरेपर्यंत जातो, हे दोघींनाही माहीत होतं. पाय ठरेल अशी वाळू फक्त समुद्राच्या बाजूला. आणि तिथे लाटा.

अशा जागी होडी वाळूला लावायची रीत साधी आहे, पण तिच्यात एकही पायरी गाळता येत नाही. होडीचं नाक समुद्राकडे ठेवायचं आणि पाठ वाळूकडे. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर पुढून नांगर टाकायचा. मग त्याचा दोर हळूहळू सोडत मागे मागे यायचं, पाणी मांडीएवढं होईपर्यंत. मग इंजिन वर उचलायचं, म्हणजे पंखा वाळूत घासत नाही. दोर पक्का असेल तर नाक लाटांकडेच राहतं. माणसं मागून चढतात, आणि निघताना त्याच दोराला धरून होडी पुढे ओढून घ्यायची. दोर नसेल तर पहिली लाट नाक फिरवते, दुसरी होडीला आडवी करते आणि तिसरी आत येते.

ताईने नाक समुद्राकडे वळवलं. भावजय काच ओलांडून छपरावर गेली, पोटावर सरपटत टोकाला पोचली, खाचेतला नांगर उचलला. ताईने इंजिन हळू केलं आणि हाक दिली, "टाक."

नांगर पडला. दोर नाकावरच्या कडीतून सळसळत खाली जाऊ लागला. भावजय बाजूला सरून बसली, हात आवरून, दोर अंगाला लागू नये अशी. हे ती फार सफाईने करत असे. दोर चालला, चालला, आणि मग त्याचं टोक छपरावरून सापाच्या शेपटीसारखं वळवळत आलं, कडीतून गेलं आणि पाण्यात नाहीसं झालं.

भावजयीने मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नुसती वाट बघणं होतं. टिल्लू नेहमी या वेळी 'धरला' म्हणायचा.

"दोर कुठे आहे?" ताईने विचारलं.

"तुमच्याकडे ना?"

"माझ्याकडे कुठून? टाकणाऱ्याने आधी बांधायचा असतो."

"हे बांधतात. मागे. मी फक्त टाकते."

ताईला कळायला वेळ लागला नाही. वडिलांच्या होडीत नियम एकच होता, जो टाकेल तो आधी बांधेल. पण टिल्लूने लग्न झाल्यावर नवा कारभार सुरू केला होता. बायकोची गाठ सुटेल म्हणून तो दोराचं टोक काठाकाठाने मागे चाकापर्यंत आणून स्वतः बांधायचा. घरी परतल्यावर सोडायचा, गोड्या पाण्याने धुवायचा आणि टोक मोकळं ठेवून पुढे नांगराच्या खाचेतच गुंडाळून ठेवायचा. बायकोने टाकायचं आणि बाजूला सरायचं. आज चाकावर बसली ती बापाच्या नियमाची आणि पुढे गेली ती नवऱ्याच्या नियमाची. दोघींनी आपापलं काम चोख केलं होतं.

"इतक्या वर्षांत त्याने तुला एक गाठ शिकवली नाही?" ताई म्हणाली.

"मी विचारलं होतं. म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी कशाला."

दांड्यावरून टिल्लू काहीतरी ओरडत होता. वारा त्याच्या तोंडातले शब्द उलट्या दिशेने नेत होता. त्याच्या बसलेल्या जागेभोवती आता पाणी फिरून जात होतं. तो मागे सरपटला, पण मागे सरपटायला फारसं काही उरलं नव्हतं.

दुसरा नांगर नव्हता. ताईने आजूबाजूला पाहिलं. पाणी उपसायचा डबा, एक वल्हं, आणि धक्क्याला होडी बांधायचा आखूड दोर. तो नांगराला पुरला नसता, पण नांगरही नव्हता. इंजिनच्या जोरावर होडी लाटांसमोर धरता येईल, पण मागे वाळूपर्यंत जायचं तर इंजिन उचलावंच लागेल, आणि ते उचललं की होडीला धरणारं कुणीच नाही. धड ना तळ्यात, ना मळ्यात.

भावजय छपरावरूनच म्हणाली, "मी पाण्यात उतरून नाक धरते."

ताईने तिच्याकडे पाहिलं. अंगाने काडी. होडी तिच्या कितीतरी पट जड. पण पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूला अडवायला जितकं बळ लागतं, त्याहून तिला सरळ ठेवायला कमी लागतं. थोडा वेळ जमलं असतं. तो थोडा वेळच हवा होता.

ताईने आखूड दोर काचेवरून पुढे फेकला. "हा कडीला बांध."

"मला येत नाही, ताई."

तिला चाक देऊन स्वतः पुढे जावं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. चाक सुटताच नाक फिरलं असतं. ताईच्या ओठांवर आलं होतं, की मग येतं तरी काय तुला. आयुष्यभर ती अशीच वाक्यं बोलत आली होती आणि लोकांनी ती ऐकून घेतली होती. या वेळी तिने ती गिळली. तिला आठवलं, की आपल्याला कुणी ओरडून काही शिकवलं तेव्हा आपले हात नेमके उलटे चालायचे.

"बस तिथे," ती म्हणाली, अगदी अंगणात बसल्यासारखी. "घाई नाही. डाव्या हातात दोर घे. त्याला एक छोटा गोल वळसा दे. ते दार समज. झालं? आता टोक कडीतून काढून आण. तो पाहुणा. पाहुणा खालून दारात शिरतो."

"शिरला."

"समोर जो दोर सरळ गेलाय तो खांब. पाहुणा खांबाच्या मागून जातो."

"मागून."

"आणि आल्या दारानेच परत जातो. पाणीही न विचारता घालवलं बिचाऱ्याला. आता ओढ."

भावजयीने ओढलं. सगळं सुटून हातात आलं. एक लाट नाकावर फुटली आणि ती नखशिखांत भिजली. तिने डोळे पुसले नाहीत.

"पाहुणा वरून शिरला असेल," ताई म्हणाली. "खालून. पुन्हा कर."

दुसऱ्यांदाही सुटलं. ताईचे हात चाकावर पांढरे पडले होते, पण आवाज तसाच राहिला. तिसऱ्यांदा भावजय स्वतःशी पुटपुटत होती, दार, पाहुणा, खांब, दार. तिने ओढलं. गाठ आवळली आणि तशीच राहिली. तिने ती सगळं अंग टाकून पुन्हा ओढून पाहिली.

"आता दुसरं टोक हातात धरून उतर," ताईने बजावलं. "कमरेला बांधू नकोस. सोडायची वेळ आली तर सोडता आलं पाहिजे. ऐकतेस ना?"

भावजयीने मान हलवली. ताईने इंजिनच्या जोरावर होडी पाय टेकतील इतक्या पाण्यापर्यंत मागे आणली, आणि भावजय नाकापलीकडे गेली. त्यानंतर ती दिसेनाशी झाली. बंद छपराच्या टोकापलीकडचं काही चाकावरून दिसतच नव्हतं.

ताईने इंजिन बंद करून वर उचललं. होडी मागे सरकू लागली, पण सरळ. नाक समुद्राकडे, पाठ वाळूकडे. म्हणजे पुढे कुणीतरी दोर धरून एकेक पाऊल मागे टाकत येत होतं. ताईच्या लक्षात आलं, की भावजयीची खबर कळायची आता एवढी एकच खूण आहे. होडी सरळ आहे, म्हणजे ती आहे.

मागचा काठ वाळूला घासला. ताईने पाण्यात उडी मारली आणि भावाकडे गेली. टिल्लूच्या छातीखाली पाणी होतं. पाय सरळ रेषेत नव्हता. तो कण्हत सरपटू लागला आणि तशातही विचारत होता, की नांगर किती लांब टाकलाय, दोर कुठे बांधलाय.

"नांगर गेला. बायको धरून उभी आहे."

तो सरपटायचा थांबला. "कशाने?"

"हाताने. चल."

"ताई, तिला नाही जमणार. तिला गाठ…"

"तू गप्प बस आणि ढोपरं चालव."

त्याला काठावर घेणं म्हणजे ओल्या गादीचा गुंडाळा माडीवर चढवणं होतं. आधी हात, मग छाती. मग पोट अडकलं. मग एक लाट आली, तिने मदत केली, पण ती लाट मोठी होती. ताईने काचेपलीकडे पाहिलं. पांढरं छप्पर, रिकामं. होडी सरळ. तिने भावाचा चांगला पाय उचलून आत ढकलला. मोडका पाय काठावर आपटला आणि टिल्लूच्या तोंडून जो आवाज आला तो तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो आत पडला. ती चढली. पुन्हा पाहिलं. सरळ.

आणि मग नाक हळूच, अगदी घरातलं दार वाऱ्याने लोटावं तसं, डावीकडे वळू लागलं.

"तिचे पाय सुटले," टिल्लू म्हणाला.

ताईचा हात इंजिनकडे गेला. ते पाण्यात सोडून जोरात पुढे निघालं तर होडी वाचत होती, भाऊ वाचत होता. पण पुढे ती होती, छपराखाली कुठेतरी, दिसत नव्हती. होडी तिच्यावरून गेली असती, आणि होडीच्या मागून पंखा. ताईने हात तिथेच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला काय करावं ते कळत नव्हतं, आणि तिने भावाकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "चालू करू नकोस."

तो हातांच्या जोरावर काचेवर चढला. मोडका पाय मागे फरफटत आला. छपरावर पोटावर पडून तो टोकाकडे सरकला. कडीला गाठ तशीच होती, आणि दोर ताठ होऊन बाजूला पाण्यात गेला होता. रिकामा दोर ताठ होत नाही. टिल्लूने तो दोन्ही हातांनी ओढायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या माणसाचं सगळं बळ त्या हातांत आलं होतं. आधी पदरासारखं काहीतरी वर आलं, मग केस, मग ती. दोर तिच्या कमरेला होता. कुणी न सांगता, उलट नको सांगितलेलं असताना, पाण्यात उभी राहून तिने तीच गाठ स्वतःला बांधली होती.

तोवर होडी आडवी झाली होती. पहिली लाट काठावर आपटली. दुसरी आत आली. ताईने टिल्लूच्या मागोमाग छपरावर उडी घेतली तेव्हा चाकाची जागा भरलेल्या घमेल्यासारखी झाली होती. मागची बाजू इंजिनाच्या वजनाने खाली बसली आणि नाक वर उचललं गेलं. पुढच्या कप्प्याचं दार लावलेलं होतं. आतली हवा आतच राहिली होती, म्हणून ते नाक बुडलं नाही. तिघं त्याच्यावर आडवी पडली, कडेच्या दांडीला धरून. लाटा आता त्यांच्यावरून जाऊन वाळूच्या दांड्यावरून पलीकडे वाहत होत्या. दांडा कुठे होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

भावजय खोकत होती. खोकून खोकून पाणी काढलं आणि मग ती गप्प झाली, ते जास्त वाईट होतं. तिचे ओठ निळे होते. एका हाताने तिने टिल्लूच्या सदऱ्याची कॉलर धरली होती. प्रत्येक लाट त्याला खाली खेचायची, मोडक्या पायाने त्याला अडवता यायचं नाही, आणि प्रत्येक वेळी कॉलर ताणली जायची. टिल्लू तिला काही सांगायला गेला. त्याच्या तोंडून नुसतं "अगं" आलं, तेवढ्यात पुढची लाट त्याच्यावरून गेली.

ताई बोलत राहिली. काय बोलत होती ते तिलाही नीट कळत नव्हतं. आता ही लाट येतेय, डोकं खाली. गेली. आता श्वास घे. दुसरी लहान आहे. शाब्बास. आता ही जरा मोठी. ती एकेक लाट सांगत होती आणि दोघं तिच्या सांगण्यावर श्वास घेत होती. असं किती वेळ चाललं ते कुणालाच सांगता आलं नाही.

लाँच आली तेव्हा तिच्यावरच्या माणसांना आधी फक्त पांढरं नाक दिसलं. त्यांनी जवळ येऊन दोर टाकला, एक माणूस पाण्यात उतरला, पट्टा घेऊन टिल्लूजवळ आला. आधी जखमी माणूस, असं तो म्हणाला. पट्टा टिल्लूच्या काखेतून घातला आणि वरच्यांना ओढायला सांगणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की बाई कॉलर सोडत नाहीत.

"सोडा बाई, आम्ही धरलंय," तो म्हणाला.

भावजयीने ऐकल्याचं दिसलं, पण हात उघडला नाही. तो हात तिचा राहिलाच नव्हता. लाँचवाल्याने बोटं उचकटायला हात पुढे केला. ताईने त्याला बाजूला केलं.

"थांब, घाई नाही," ती भावजयीला म्हणाली. पाणी तिच्या खांद्यावरून जात होतं. तिने एका हाताने टिल्लूच्या पट्ट्याची कड धरली, आणि दुसऱ्या हाताने भावजयीची करंगळी हलकेच सरळ केली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. "बघ, मी धरलंय त्याला."

भावजयीने मान वळवली. तिने आधी ताईचा हात पाहिला, पट्ट्यावर कसा आहे ते, अंगठा कुठून आलाय ते. नीट पाहिला. मग उरलेली दोन बोटं तिने स्वतःच सोडली.